नवमीचं तेल

हे लिहायला बसल्यापासून चार वेळा उठलोय. एकदा चहा झाला. एकदा उगाच गॅलरीत जाऊन आलो. दोनदा रस्त्यावरून गेलेल्या ट्रकचा आवाज मला पटला नाही म्हणून उठलो. बायको म्हणाली, "अहो, त्या ट्रकवाल्यानं तुम्हाला विचारलंय का?" नाही विचारलं. पण कान बंद कसे करायचे? चाळीस वर्षं डिझेल इंजिनांत हात घातलेला माणूस आहे मी. खुर्चीत बसून पेन धरायचं म्हणजे मला शिक्षाच आहे.

दिवाळी अंकवाल्यांनी सांगितलं, "मिस्त्री, तुमच्या धंद्यातले अनुभव लिहा. लोकांना कळेल असं लिहा." जन्म कुठे, शिक्षण किती, पहिला पाना कोणी दिला, हे सगळं मी गाळतोय. त्यात काही राम नाही. पडघ्याच्या पलीकडच्या गावातला कुणबी माणूस, गॅरेज पूर्ण्याला गोडाऊनांच्या रांगेमागे, लोक अंतामिस्त्री म्हणतात. एवढं पुरे. मला एकच गोष्ट सांगायची आहे आणि ती सांगायला आधी टर्बो समजावावा लागेल. तेव्हा जरा दम धरा. मला धरवत नाही, तुम्ही धरा.

टर्बो म्हणजे काय? इंजिनातून जो धूर बाहेर फेकला जातो, त्याच धुराच्या जोरावर दांड्याच्या टोकाला बसवलेला एक छोटा पंखा फिरवायचा. त्याच दांड्याच्या दुसऱ्या टोकाला दुसरा पंखा, तो बाहेरची हवा दाबून इंजिनात कोंबतो. हवा जास्त, ताकद जास्त. हल्लीच्या गाड्या कंपनीतूनच टर्बो घेऊन येतात. पण आमच्या भागात जुन्या, बिनटर्बोच्या गाड्या काही कमी नाहीत, आणि मालकांचा त्यांच्यावर जीव असतो. अशा इंजिनाला बाहेरून टर्बो बसवायचा, हे माझं खास काम. भिवंडीत हे काम करणारे पुष्कळ झाले. पण टर्बो बसवणं आणि टर्बो टिकवणं, ह्यात फरक आहे.

तो दांडा मिनिटाला लाखाच्या घरात फिरतो. तेलाच्या पातळ थरावर तरंगत फिरतो म्हणून जळत नाही. हे तेल त्याला इंजिनाचा पंप पुरवतो, पेन्सिलीएवढ्या बारीक पाइपातून, जोरात. सगळ्यांचं लक्ष ह्या पाइपावर असतं. तेल पोचतंय ना? पोचतंय. झालं तर मग! पण पोचलेलं तेल परत कसं जाणार, हे कोणी विचारत नाही. वर चढवायला पंप आहे, खाली उतरवायला कोणी नाही. तेलानं आपल्या वजनानं खाली उतरायचं आणि इंजिनाच्या तळाच्या टाकीत, म्हणजे चेंबरमध्ये, जाऊन पडायचं. त्यातून ते दांड्यानं घुसळलेलं असतं, ताकासारखं फेसाळलेलं. म्हणून परतीचा पाइप, आम्ही त्याला रिटर्न म्हणतो, अंगठा आत जाईल एवढा जाड हवा. सरळ खाली हवा. मध्ये कुठे झोळ नको, चढ नको. आणि चेंबरमध्ये तो तेलाच्या पातळीच्या वरच उघडला पाहिजे. तेलाच्या खाली उघडला, तर भरलेल्या बादलीत नळी बुडवून वरून पाणी ओतल्यासारखं होतं. नळी तुंबते.

रिटर्न तुंबला की टर्बोच्या पोटात तेल साचतं. तिथे रबराचं सील नसतं, नुसत्या बारीक रिंगा असतात, त्यांना साचलेलं तेल अडवता येत नाही. मग तेल मिळेल त्या वाटेनं बाहेर पडतं. धुराच्या बाजूला गेलं तर सायलेन्सरमधून निळा धूर येतो. हवेच्या बाजूला गेलं तर काय होतं, ते पुढे सांगतो.

निजामपुऱ्यात एक लूमवाले शेठ होते. त्यांच्या जनरेटरला कोणीतरी टर्बो लावलेला. निळा धूर एवढा की गल्लीतले लोक भांडायला यायचे. शेठनी दोन टर्बो बदलले, तिसरा आणून ठेवला आणि मला बोलावलं. मी गेलो, नुसती बॅटरी मारून खाली बघितलं. रिटर्नचा पाइप दिसायला चांगला म्हणून छान वळण देऊन, क्लिपा मारून, भिंतीच्या कडेनं नेलेला. मध्ये पाळण्यासारखा झोळ. मी तो कापला, सरळ केला, धूर बंद. शेठ म्हणाले, "बस? इतनाही?" त्यांना वाईट वाटलं हो, की आजार एवढा साधा निघाला! वर म्हणाले, "लेकिन मिस्त्री, पहले वाला दिखता अच्छा था."

त्याच शेठच्या शेजाऱ्यानं तर कहर केला. इंजिनाच्या पोटातली वाफ बाहेर जायला एक नळी असते, तिच्यातून फरशीवर थेंब पडायचे. फरशी नवी. ह्यानं नळीत चिंधी कोंबून वर दोरीनं गाठ मारली. आता वाफ कोंडली की खालून दाब येणार, खालून दाब आला की वरचं तेल उतरणार कसं? इथेही निळा धूर. मी चिंधी काढून त्याच्या हातात दिली. तो म्हणाला, "तुम्हीच केलं असेल." च्यायला! पण अशी माणसं भेटतात म्हणून धंद्यात जीव रमतो.

दुसऱ्यांच्या चुका सांगताना माझं पेन कसं पळतंय बघा. आता स्वतःची सांगायची, तर पुन्हा उठावंसं वाटतंय.

पूर्ण्याच्या पुढे जयवंतशेठ म्हणून आगरी गृहस्थ आहेत. त्यांचे वडील, तात्या, खाडीकडून रेतीच्या गाड्या चालवायचे. पुढे जमिनींवर गोडाऊनं झाली, पण तात्यांनी गाडी सोडली नाही. गोडाऊनांना पाणी पुरवणारा एक टँकर त्यांनी ठेवला होता. जुनी गाडी, दणकट इंजिन, पण भरलेला टँकर घेऊन पूल चढताना धापा टाकायची. तीन वर्षांपूर्वी दिवाळीनंतर तात्याच मला म्हणाले, "अंता, हिला टर्बो लाव. मी जायच्या आदी मना ही पूल चढताना बघायची हाय."

मी लावला. दोन दिवसांत काम हवं होतं, कारण गोडाऊनवाले पाण्यासाठी खोळंबले होते. सगळं मनासारखं झालं, एक गोष्ट सोडून. रिटर्न जिथे इंजिनाच्या अंगावर उंच घालायचा, तिथे एक जाड ब्रॅकेट आडवं येत होतं. ते काढायचं तर इंजिन टांगावं लागणार, आणखी एक दिवस जाणार. मी काय केलं? चेंबरच्या कुशीत, जरा खाली, भोक पाडून नळीचं तोंड वेल्ड केलं. तेलाची पट्टी बघितली. माझं भोक पूर्ण भरल्याच्या खुणेपेक्षा बोटभर वर होतं. म्हटलं, बोटभर आहे ना? चालतंय.

दुसऱ्या कोणी असं केलं असतं, तर मी त्याला चार माणसांत सोलला असता. स्वतःला मात्र "चालतंय" म्हटलं. आणि चाललंही. टँकर पूल चढला. तात्या शेजारी बसून लहान मुलासारखे हसत होते. ड्रायव्हर इस्माईलभाई, उत्तर प्रदेशचे पण पंचवीस वर्षं इथेच काढलेले, त्यांनी मला फोन करून हॉर्न ऐकवला.

पुढच्या आषाढात तात्या गेले.

आता त्या घरची एक रीत सांगतो. खंडेनवमीला गाड्यांची पूजा सगळेच करतात. हार, नारळ, लिंबू. पण तात्यांच्या घरी गाडीला तेल वाहायचं. नुसतं बोट लावायचं नाही, इंजिनाचं झाकण उघडून घरातल्या प्रत्येकानं वाटीभर नवं तेल आत ओतायचं. रेतीच्या गाड्यांच्या काळापासूनची रीत. वर्षभर गाडीनं घराला खायला घातलं, आता घरानं तिला घालायचं. पहिली वाटी तात्यांची. मग भाऊ, मुलगा, सुना, सगळे. दरवर्षी लिटर-दीड लिटर तेल जास्त व्हायचं आणि जुनं इंजिन ते बिचारं पिऊन टाकायचं. कधी काही बिघडलं नाही. मला हे माहीत होतं. दरवर्षी मला पूजेला बोलावणं असायचं. तात्यांची बायको द्वारकामावशी गाडीला गंध लावायची, माझ्या पान्याला लावायची, मग माझ्या कपाळाला. "हाताला येस दे रे देवा," म्हणायची. मी मिस्त्री माणूस, मला कोण कुठे टिळा लावतंय? पण तो टिळा मी संध्याकाळपर्यंत पुसत नसे.

दोन वर्षांपूर्वीच्या नवमीला प्रश्न आला, पहिली वाटी कोणी ओतायची? जयवंतशेठ म्हणाले, मी ओततो. मावशी म्हणाली, "त्यांची वाटी हाय, मी वतीन." मावशीची जाऊ पुटपुटली, नवरा जाऊन चार महिने झाले न्हाईत, हिनं पहिला हात लावायचा? शेठही म्हणाले, "आय, नको." पण मावशीनं ऐकलं नाही. वाटी उचलली, दोन्ही हातांनी धरली आणि ओतली. तिच्या मागून बाकीच्यांनी ओतली. मी तिथेच पाना घेऊन उभा. माझ्या मनात एकदा तरी यावं की नाही, की ह्या वर्षी ह्या गाडीला टर्बो आहे आणि आपलं भोक फक्त बोटभर वर आहे? नाही आलं. मी माझ्या टिळ्याची वाट बघत होतो.

इस्माईलभाईंनी गाडी चालू केली. आरती झाली. तोवर इंजिन पाचेक मिनिटं संथ चालू होतं, तेवढ्या वेळात टर्बोचं पोट भरत गेलं असणार. मग रीतीप्रमाणे भाईंनी हॉर्न दिला, रेस दिली. मागून पांढरट निळा लोट आला. भाईंनी पाय काढला. इंजिन खाली यायच्या ऐवजी वर चढलं.

तो आवाज ज्यानं ऐकलाय त्याला सांगायला नको. किंकाळीच ती. भाईंनी बंद करायची तार ओढली. उपयोग शून्य. ती तार डिझेल बंद करते, आणि इंजिन डिझेलवर चालतच नव्हतं. टर्बोत साचलेलं तेल हवेच्या वाटेनं आत ओढलं जात होतं, आणि डिझेल इंजिनाला काय, जळणारं काहीही चालतं. ते स्वतःचंच तेल पिऊन पळत सुटलं होतं. अशा वेळी टॉपचा गिअर टाकून, ब्रेक दाबून, क्लच सोडला तर इंजिन गुदमरून बंद पडतं. पण टँकर पाण्यानं भरलेला, तोंड पूजेच्या मांडवाकडे, आणि मांडवात वीस-पंचवीस बायामाणसं. ब्रेक धरला नाही तर? माझी छाती झाली नाही.

दुसरा उपाय एकच. त्याचा श्वास बंद करायचा. मी हवेच्या फिल्टरचा पाइप पान्यानं सोडवला, तोंड उघडं केलं. चार बोटं रुंद भोक, पण त्याची ओढ अशी की जवळचा झेंडूचा हार आत गेला. भाईंनी खाली उडी मारून खांद्यावरचा गमछा पुढे केला. मी ओरडलो, "कपडा नको! आत जाईल! सपाट काहीतरी द्या, कडक!" लोक धावत होते, खुर्च्या पडत होत्या, कोणी ताट आणतंय, कोणी नुसतं "बंद करा, बंद करा" ओरडतंय. इंजिन कुठल्या क्षणी फुटेल ह्याचा नेम नव्हता. फुटलं असतं तर लोखंडाचे तुकडे कोणाच्या अंगात घुसले असते, देव जाणे.

तेवढ्यात माझ्या बगलेखालून एक लाकडी पाट पुढे आला. पूजेचा पाट. द्वारकामावशीनं कलश, नारळ, तांदूळ खाली सारून पाट उचलला होता आणि गाडीपर्यंत एकटी आली होती. बाकी सगळे लांब पळत होते आणि सत्तरीची बाई जवळ येत होती. मी, भाई आणि ती, तिघांनी तो पाट त्या भोकावर दाबला. इंजिनानं दोन आचके दिले, अख्खी गाडी हादरली आणि बंद पडली. तापलेल्या टर्बोला लागून भाईंचा हात कोपरापर्यंत भाजला होता. बाकी कोणाला काही झालं नाही.

आणि मग मी बोललो. धापा टाकत, घाबरलेला, सगळ्यांच्या देखत. मी म्हणालो, "तेल केवढं ओतलंत? कोणी ओतलं एवढं?"

एवढंच बोललो मी. ह्यात खोटं काही नाही. तेल जास्त झालंच होतं. पण मांडवात सगळ्यांच्या नजरा एकाच बाईकडे वळल्या. तिची जाऊ म्हणाली, "पयला हात कुनाचा व्हता त्यो सगल्यांनी बघलाय." जयवंतशेठ म्हणाले, "आय, मी नको बोललो व्हतो." मावशी पाट छातीशी धरून उभी होती. पाटाला काळं तेल लागलेलं. तिनं पाट खाली ठेवला, वाकून तांदूळ गोळा केले आणि आत गेली.

त्याच क्षणी मला कळलं होतं. भोक उंच असतं तर दीड लिटरनं टर्बोचं काही वाकडं झालं नसतं. "थांबा, चूक माझी आहे," हे म्हणायला किती वेळ लागतो? पण समोर जयवंतशेठ, अख्खं गाव, चाळीस वर्षांचं नाव. मी पान्याकडे बघत राहिलो. तो नालायकपणा माझा आहे, त्याला दुसरं नाव नाही.

गाडी गॅरेजात आणली. पिस्टन गेला होता, टर्बो गेला होता. तीन आठवडे काम केलं. इंजिन टांगलं, ते ब्रॅकेट काढलं आणि रिटर्न जिथे पहिल्या दिवशी जायला हवा होता तिथे घेतला, उंच. चेंबर बदललं. जुनं चेंबर बाकड्याखाली सरकवलं. भाई हाताला पट्टी बांधून बघायला आले होते. बराच वेळ नव्या पाइपाकडे बघत राहिले. मग म्हणाले, "उस्ताद, पहले ही ऊपर क्यों नहीं लगाया?" मी म्हणालो, "जगह नहीं थी." ते म्हणाले, "अब कहाँ से आयी?" मी नट आवळायला खाली वाकलो. त्यांनी पुन्हा विचारलं नाही. मोठा सभ्य माणूस.

ते वर्ष मी कसं काढलं! बाकड्याखाली पाय गेला की चेंबरला लागायचा. भंगारवाला आला की मी ते द्यायला काढायचो आणि परत ठेवायचो. झोप म्हणाल तर कोंबड्यासारखी, पहाटेआधीच मोडणारी. बायको म्हणायची डॉक्टरला दाखवा. डॉक्टर काय बघणार?

मागच्या वर्षी नवमीच्या आधी जयवंतशेठचा फोन आला. "मिस्त्री, पूजेला या. या टायमाला भटजी सांगितलाय, त्येल-बिल काय न्हाय." मी विचारलं, "मावशी?" ते म्हणाले, "आय पडघ्याला माज्या बहिनीकडं गेली. तीच बोलली, गाडीच्या पूजेला मी घरात नको." मी फोन ठेवला, स्कूटर काढली आणि पडघ्याला गेलो. हातसुद्धा धुतले नव्हते.

बाजाराच्या मागे तिच्या मुलीचं घर. मावशी ओटीवर डाळिंब्या सोलत बसली होती. वाल भिजवून, मोड आणून, एकेकाचं साल काढायचं, वेळखाऊ काम. मी समोर उकिडवा बसलो आणि सगळं सांगितलं. भोक कुठे हवं होतं, कुठे पाडलं, का पाडलं, आणि ते चेंबर वर्षभर बाकड्याखाली कसं दडवलं. ती सोलतच होती.

"मंजी माज्या हातानं न्हाय झालं?" तिनं विचारलं.

"नाही मावशी. माझ्या हातानं झालं."

"तुला कदीपास्नं ठावं हाय?"

"त्याच दिवसापासून."

तेव्हा तिचा हात थांबला. "वरीस झाला, अंता," ती म्हणाली. "माज्या भाच्याची हलद झाली. सगल्या बाया नवऱ्याला हलद लावाय उठल्या, मी मागं बसून ऱ्हायले. मना कोन बस बोललं न्हाय. मीच बसले. रोज देवाला इचारते, माजा काय चुकला? आनि जबाब तुज्या बाकड्याखाली पडला व्हता?"

मला रडू आलं. साठीच्या माणसानं दुसऱ्याच्या ओटीवर बसून रडावं, बरं दिसत नाही, पण आलं. तिनं मला पाणी दिलं नाही की उगी राहा म्हणाली नाही. थोड्या वेळानं म्हणाली, "मना एकटीला काय सांगतंस? त्या दिशी मांडवात जे व्हते, त्यांना सांग."

नवमीला मी जुनं चेंबर रिक्षात घालून घेऊन गेलो. मावशीला तिची मुलगी घेऊन आली, ती फाटकाशी उभी राहिली, आत आली नाही. मी चेंबर अंगणात दोन विटांवर सपाट ठेवलं. सगळ्यांना म्हटलं, जवळ या. इंजिनात पूर्ण मापाचं जेवढं तेल लागतं, तेवढं आत ओतलं. मग घरातली तीच वाटी घेतली आणि म्हणालो, "ही तात्यांची." ओतली. "ही शेठची." ओतली. "ही काकींची," म्हणजे मावशीच्या जावेची. चौथ्या वाटीला, मी वेल्ड केलेल्या नळीच्या तोंडातून तेल बाहेर सांडायला लागलं. जिथून ते आत यायला हवं, तिथूनच ते बाहेर येऊन फरशीवर पसरत होतं.

मी म्हणालो, "हे तोंड मी पाडलंय. हे इथे पाडायचं नसतं, हे मला तेव्हाही ठाऊक होतं. एक दिवस वाचवला. ह्यात मावशीच्या हाताचा काही संबंध नाही. पहिली वाटी कोणीही ओतली असती तरी हेच झालं असतं. उलट तिनं पाट आणला म्हणून तुम्ही-आम्ही आज उभे आहोत. आणि हे मी वर्षभर लपवलं."

इस्माईलभाई जमिनीकडे बघत होते. जयवंतशेठ लालबुंद झाले होते. मला वाटलं, कानाखाली देतात. दिली असती तर बरं झालं असतं. त्यांनी माझ्याकडे बघितलंही नाही, सरळ फाटकापाशी गेले आणि म्हणाले, "आय, चल पुढं."

मावशी आली. सांडलेल्या तेलाला वळसा घालून टँकरपाशी उभी राहिली. मला विचारलं, "आता वतला तर?"

"ओता मावशी. काल येऊन मी दोन लिटर तेल काढून ठेवलंय. सगळ्यांच्या वाट्या मावतील. जागा ठेवलीय."

तिनं वाटी दोन्ही हातांनी धरून ओतली. शेवटचा थेंब पडेपर्यंत वाटी उपडी धरली. मग मागे वळून जावेला म्हणाली, "ये गं, तू पन वत." जाऊ पदर सावरत आली आणि ओतून गेली. सगळ्यांनी ओतलं. गाडी चालू झाली. रेस दिली, तेव्हा सगळे दोन पावलं मागे सरले. मीही सरलो. मावशी तिथेच उभी होती, बॉनेटवर हात ठेवून. इंजिन चढलं आणि शहाण्यासारखं खाली आलं.

मग तिनं गंधाची वाटी घेतली. गाडीला लावलं. भाईंच्या भाजल्या हातावरून हात फिरवला. माझ्यासमोर आली, माझ्या हातातल्या पान्याला गंध लावलं. मी सवयीनं मान खाली केली. ती पुढे निघून गेली.

तिचं चुकलं, असं मी म्हणणार नाही. पान्याचा दोष नव्हता आणि माझा होता, हे तिला बरोबर कळलं.

त्यानंतर जयवंतशेठनी टँकर माझ्याकडे आणला नाही, नेहमीची कामं दुसरीकडे जातात. परवा मात्र भाईंचा फोन आला. "उस्ताद, नवमी को आ जाना. तेल निकाल के रखना पड़ेगा ना? माँजी ने बोला है, दो लिटर की जगह वही रखेगा." मी विचारलं, "अजून काय म्हणाली?" भाई म्हणाले, "बस, इतना ही."

नवमीला अजून बारा दिवस आहेत. अंकवाल्यांना लेख आजच हवाय. तुम्ही हे वाचाल तेव्हा दिवाळी आलेली असेल, नवमी होऊन गेलेली असेल, आणि तिनं माझ्या कपाळाला हात लावला की नाही, हे मला कळलेलं असेल. आत्ता मला काहीच माहीत नाही. सकाळपासून मी तो पाना तिसऱ्यांदा घासलाय.